डॅलसचं केनेडी मेमोरिअल, लालबागच्या गाळ्यात : मॉडेलच्या नोंदी

६ मे
काम घेतलं. आर्किटेक्चर कॉलेजचं प्रदर्शन आहे ऑगस्टमध्ये, विषय "पुतळा नसलेली स्मारकं", आणि मॉडेल बनवणाऱ्या आमच्या गाळ्याच्या वाट्याला आलंय डॅलसचं (अमेरिका) जॉन एफ. केनेडी मेमोरिअल. राजघाट दुसऱ्या कोणाकडे गेलंय (काळा चौथरा आणि हे राम, नशीबवान आहेत लेकाचे, आठवड्यात उरकतील).

कॉलेजच्या मॅडमनी जे पाठवलं त्यातलं कामापुरतं इथे टाकून ठेवते. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींना डॅलसमध्ये गोळ्या घातल्या, त्या जागेपासून हे स्मारक चालत जाण्याइतकं जवळ आहे. डिझाइन फिलिप जॉन्सन या अमेरिकन आर्किटेक्टचं, त्याने फी घेतली नव्हती, आणि केनेडींच्या पत्नी जॅकलिन केनेडींनी त्याच्या नावाला होकार दिला होता. पैसे सरकारचे नाहीत, ५०,००० लोकांनी मिळून २ लाख डॉलर जमवले, म्हणजे माणशी चार डॉलर, सरळ सरळ वर्गणी. तरी उद्घाटनाला २४ जून १९७० उजाडला कारण खाली अंडरग्राउंड पार्किंग बांधायचं होतं. मुंबईच्या माणसाला हे कारण वेगळं समजावून सांगायला नको.

९ मे
मापं. चौकोन ५० फूट बाय ५० फूट, उंची ३० फूट, वर छप्पर नाही. भिंती म्हणजे ७२ पांढरे प्रीकास्ट (आधी साच्यात ओतून आणलेले) काँक्रीटचे कॉलम एकाला एक लावून उभे केलेत. त्यातले फक्त ८ जमिनीला टेकतात, प्रत्येक कोपऱ्यात दोन. उरलेले ६४ जमिनीपासून २९ इंच वर, हवेत. उत्तरेला आणि दक्षिणेला एक एक अरुंद फट आहे आत शिरायला. आत ८ फूट बाय ८ फूट काळ्या ग्रॅनाइटचा ठेंगणा ठोकळा, त्याच्या दोन बाजूंना सोनेरी अक्षरात फक्त नाव. बस. तारीख नाही, भाषणातलं वाक्य नाही, चेहरा तर नाहीच.

केनेडींना पुरलंय आर्लिंग्टनला, तिकडे वॉशिंग्टनजवळ. म्हणजे इथे डॅलसमध्ये थडगं आहे पण आत कोणी नाही, आणि ते तसंच ठरवून केलंय.

स्केल १:२० धरतोय. बाहेरून ७६२ मिमी, उंची ४५७, खालची फट ३७, ग्रॅनाइट १२२. कॉलमची रुंदी कुठे लिहिलेली सापडली नाही म्हणून परिमितीतून दोन्ही दारं वजा करून ७२ ने भागलं आणि फोटोवर ताडून पाहिलं, साधारण ४० मिमी येतंय, तेच फायनल.

१०० च्या स्केलला केलं असतं तर सगळं दोन दिवसांत लेझर कट करून चिकटवलं असतं पण मग ती फट सात मिमीची झाली असती आणि सात मिमीत काही कळत नाही, खाली पॅकिंग राहिलंय असं वाटतं. हे सगळं स्मारक त्या फटीवर उभं आहे असं माझं मत होत चाललंय. फट काढून टाका, मग उरते कंपाउंड वॉल.

१५ मे
मटेरिअल. पीओपी बाद. गल्लीत चारी बाजूंनी पीओपीच आहे, गणपतीचे कारखाने जोरात सुरू झालेत, पण ४२ सेंटिमीटरचा बारीक कॉलम आडव्या ताणावर टांगायचा तर पीओपीची धार पहिल्या दिवशीच उडणार. व्हाइट सिमेंट आणि मार्बल पावडर घ्यायचं ठरवलं, रंगही बरोबर येतो, तो उन्हात तापलेला फिकट पांढरा.

मग वजन काढलं. सगळे भरीव ओतले तर एक कॉलम दीड किलोच्या आसपास आणि एकूण शंभरेक किलो. कॉलेजचा हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये चार माणसं उभी राहिली की पाचवा जिन्याने जातो. म्हणून आत थर्माकोलचा गाभा. शिवाय प्रत्येक कॉलममध्ये वर आणि खाली आडवा एक एक प्लास्टिक पाइपचा तुकडा ओततानाच बसवायचा, म्हणजे नंतर त्यातून थ्रेडेड रॉड (आटे पाडलेली सळई) घालून सगळ्यांना एकत्र आवळता येईल.

साच्यासाठी समोरच्या कारखान्यातले काका. त्यांना मोल्डिंगमधलं जे येतं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ड्रॉइंग उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "बाय, हे खांब ठीक, पण मूर्ती कुठे बसणार?"
मी म्हटलं मूर्ती नाहीये काका.
"मग एवढं मखर कोणासाठी?"
या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, खरं तर प्रदर्शनाचा अख्खा विषय तोच आहे.

२७ मे
सिलिकॉन रबर मस्जिद बंदरहून आणलं, भाव ऐकून घरी सांगितला नाही. मास्टर कॉलम, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो, एमडीएफचा (दाबलेल्या भुशाची फळी), त्यावर पुटी, मग पॉलिश पेपर १२० पासून ६०० पर्यंत. काकांनी साचा एका अखंड तुकड्यात न घेता लांबीत दोन फाकांचा घेतला आणि सांधा मुद्दाम मागच्या बाजूला ठेवला, म्हणजे सोडवताना दर्शनी धारेला हात लागत नाही. एकदम सहा साचे केले, म्हणजे रोज सहा कॉलम.

बुडबुडे हा खरा त्रास. व्हाइट सिमेंट ओतलं की कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं राहतात. काकांचा उपाय असा की फळीखाली ऑर्बिटल सँडर (घासायचं थरथरतं मशीन) बांधायचा, चालू करायचा आणि फळी थरथरत असताना एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने ओतत राहायचं, धार तोडायची नाही. गाळ्यात सगळं बडबडतं, चहाचे ग्लास कपाटावरून चालत येतात, पण कॉलम काचेसारखा निघतो.

पाऊस सुरू झालाय. सुकायला वेळ.

४ जून
ओतकाम निम्म्याच्या पुढे गेलं. भिंतीला टेकवून ओळीने उभे केलेत. बिल्डिंगमधल्या आजी गॅलरीतून रोज बघतात, आज खाली उतरल्या आणि विचारलं ही काय पाण्याची टाकी करताय का गं. सांगितलं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं स्मारक आहे. "कुठले?" केनेडी म्हटल्यावर त्यांना पटकन आठवलं! त्यांच्या लहानपणी शाळेत बातमी सांगितली होती म्हणे, आणि ती बायको, गुलाबी कपड्यातली. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला काय वाटलं असेल हे बघून?"

जॅकलिन केनेडींनी मंजुरी दिली होती एवढंच मला माहितीये, ते सांगितलं. आजींचं समाधान झालेलं दिसलं नाही.

१३ जून
पहिली भिंत जोडली. पूर्वेकडची, सलग. दोन्ही टोकाला पायवाले कॉलम, मध्ये सगळे टांगलेले, वरून एक आणि खालून एक रॉड, दोन्ही टोकांना नट. जोडताना प्रत्येक कॉलमखाली ३७ मिमीचे लाकडी ठोकळे लावले होते. आवळून झाल्यावर ठोकळे एक एक करून काढले. आमच्याकडचा मुलगा खाली झोपून मोबाइलच्या टॉर्चने बघत होता, शेवटचा ठोकळा निघाला आणि तो ओरडला राहिलं राहिलं. भिंत हवेत. आम्ही सगळे उगाचच हसत होतो.

दोन कॉलमांच्या मधली रेघ दिसायलाच पाहिजे, त्यामुळे तिथे एपॉक्सी वगैरे काही भरत नाहीये. पण मग दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर आवळल्यावर भिंत वाकडी होते. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर प्रत्येक कॉलमची प्रत्येक सांध्याची बाजू घासायची, आठाच्या आकड्यात, हात न दाबता. कंटाळवाणं काम आहे. रेडिओ लावून होतं.

२२ जून
उत्तर आणि दक्षिण बाजूचं गणित वेगळं आहे आणि इथे जॉन्सनने काय केलंय ते हातात घेतल्यावर कळतं. फोटोत चार भिंतींचा डबा दिसतो पण डबा नाहीच आहे, दोन कंस आहेत समोरासमोर, मधल्या फटींमुळे एकमेकांना कुठेच लागत नाहीत. पूर्व-पश्चिम भिंतीला निदान दोन्हीकडे पाय आहेत. उत्तरेच्या भिंतीचे दोन हात मात्र कोपऱ्यातून निघून दाराकडे येतात आणि दारापाशी संपतात, शेवटच्या कॉलमला खालून आधार नाही आणि पलीकडून पण नाही. बाल्कनीसारखं नुसतं बाहेर आलेलं.

ठोकळे काढल्यावर दारापाशी टोक दोन मिमी खाली बसलं. दोन मिमी म्हणजे खऱ्यात दीड इंच, आणि डोळ्याला लगेच कळतं कारण खालची फट ही एक सरळ काळी रेघ आहे, ती जरा उतरली की सगळं ढासळतंय असं वाटतं. अशा बाहेर आलेल्या हाताला ताण वरच्या बाजूला येतो आणि खालची बाजू दाबली जाते, म्हणजे खालच्या रॉडचा इथे उपयोग नाही, जे करायचं ते वरच्या रॉडने. वरचा चार मिमीचा रॉड काढून सहा मिमीचा टाकला, कोपऱ्यात आतून लोखंडी अँगल दिला आणि हळूहळू आवळत गेलो. नट पाव फिरवला की टोक केसभर वर येतं. ओळंबा आणि लेव्हल ट्यूब दोन्ही लावून, एक जण चावीवर आणि एक जण फटीपाशी. संध्याकाळपर्यंत रेघ सरळ.

काका बघायला आले होते. पंचवीस फुटी मूर्तीचा हात आशीर्वादासाठी पुढे असतो त्याच्या आत पण असंच लोखंड असतं म्हणाले, हात दिसायला हलका पाहिजे आणि आत खांद्यापर्यंत सळई. काम कळलं त्यांना. अजून मखर म्हणतात पण.

१ जुलै
कोपऱ्यांवर आणि दाराच्या कडांना गोल गोल चकत्यांच्या ओळी आहेत, वरपासून खालपर्यंत, सगळ्या एकसारख्या. हे मला आवडत नाहीये. एवढी सगळी कडक चौकोनी शिस्त आणि मग कडेला ही नक्षी कशाला. कॉलेजच्या मॅडम म्हणतात की चौकोनात वर्तुळ आणलंय त्याने. असेल. माझ्या मते घाबरला तो शेवटच्या क्षणी, नुसती भिंत सोडायचं धाडस होईना. पण मॉडेल माझ्या मताचं नाहीये, म्हणून चकत्या केल्या, पट्टीचा वेगळा साचा घेऊन, आणि एकही चकती ओळीतून हलली तर अख्खा कोपरा तोतरा दिसतो म्हणून जिग (जागा पक्की धरणारी चौकट) करून बसवल्या.

एक विद्यार्थी आला होता मॅडमसोबत, त्याने जॉन्सनचा विषय काढला, की हा माणूस १९३० च्या दशकात नाझींच्या बाजूने बोलत-लिहीत होता, नंतर पश्चात्ताप दाखवला, आणि १९७९ चं पहिलं प्रिट्झकर, आर्किटेक्चरचं मोठं पारितोषिक, पण त्यालाच. हे प्रदर्शनातल्या माहितीच्या पॅनलवर लिहायचं की नाही यावर दोघांची गाळ्यातच जुंपली. मी चकत्या लावत होते. मला विचाराल तर लिहावं, जागा भरपूर आहे पॅनलवर.

९ जुलै
काळा दगड. किचन ओटे करणाऱ्याकडून काळ्या ग्रॅनाइटचा कटपीस मिळाला, फुकट, फक्त १२२ मिमीचा चौकोन कापायचे पैसे घेतले आणि विचारलं एवढासा कशाला, देवासमोर ठेवायला? नाव कोरायला धोबी तलावला ट्रॉफीवाल्याकडे दिला. अक्षरं चार मिमीची आहेत आणि जाडीच्या कडेवर कोरायची आहेत, वरच्या पृष्ठभागावर नाही, हे त्याला तीनदा सांगितलं. त्याचं म्हणणं वर एवढी चकचकीत जागा मोकळी आहे, तिथे घ्या, फोटो पण लेझरने येतो हल्ली, साहेबांचा फोटो द्या.

सगळ्यांना काहीतरी ठेवायचंच असतं.

आज कॉलेजच्या ऑफिसमधून पण फोन. प्रायोजकांकडून आलेला निरोप, की मॉडेलच्या मध्ये केनेडींचा छोटासा अर्धपुतळा बसवता येईल का, लोकांना कळायला सोपं जाईल. प्रदर्शनाचं नाव पुतळा नसलेली स्मारकं! मी म्हटलं मॅडमशी बोला. मॅडमनी काय सांगितलं माहीत नाही पण अर्ध्या तासाने पोर्ट्रेटवर आले, मग ते समोरच्या भिंतीवर लावायचं ठरलं, मॉडेलपासून दूर. चालेल.

मला लोकांचा राग येत नाही यात. आपल्याकडे इंदू मिलला बाबासाहेबांचा पुतळाच साडेतीनशे फुटी होतोय, चौथरा वेगळा, आणि ज्यांना शतकानुशतकं देवळात पण उभं राहू दिलं नाही त्यांचा माणूस एवढा उंच उभा राहतो तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो, तिथे कोणी मोकळी जागा ठेवून दाखवली तर मीच भांडेन. केनेडींच्या चेहऱ्याचं तसं नव्हतं, तो चेहरा तेव्हा घराघरात टीव्हीवर होता. त्याला आणखी दगडात करून काय मिळणार होतं.

१७ जुलै
लायटिंग. खऱ्या स्मारकात प्रत्येक कॉलमच्या खालच्या टोकाला दिवा आहे, रात्री सगळी भिंत उजेडावर उभी आहे असं वाटावं म्हणून. लोहार चाळीतून वॉर्म व्हाइट एलईडी आणल्या, एका कॉलमला एक. वायर कॉलमच्या मागच्या खाचेतून वर, मग भिंतीच्या माथ्यावरून कोपऱ्यापर्यंत, आणि पायवाल्या कॉलममधून खाली बेसमध्ये. इलेक्ट्रिशियन मामा एवढा वेळ कोणत्याच कामाला देत नाहीत.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा गंमत अशी झाली की बेसच्या पॉलिशमध्ये दिव्यांचे ठिपके दिसायला लागले आणि उजेडाऐवजी दिवेच नजरेत भरले. बेस मॅट केला, डिमर लावून उजेड निम्मा केला, आता दिवा दिसत नाही, फक्त जमीन उजळते. बेसवर चौकोनांच्या खाचा आहेत, मूळच्या सारख्या, त्या खाचांमध्ये सावली पडते ती छान.

मामांना दिल्लीचं शक्तिस्थळ माहितीये, एकदा ट्रिपला गेले होते. तिथे पण इंदिराबाईंचा पुतळा नाही, मोठा दगड उभा केलाय. त्यांना दगड लक्षात होता, बाजूची झाडं लक्षात होती. हे सांगून झाल्यावर पुढे म्हणाले डॅलसचं हे आपल्याकडे असतं तर आत दोन दिवसांत बाइक लागल्या असत्या आणि बाहेरून चारी बाजूंना वाढदिवसाचे बॅनर. ६४ टांगलेल्या कॉलमांना सुतळी बांधायला किती सोयीचं!

२५ जुलै
माणसं ठेवली. १:२० ला साडेपाच फुटी माणूस ८४ मिमीचा. सहाच ठेवली, दोन बाहेर, एक दारात, तीन आत. डोळा टेबलाच्या पातळीला नेऊन बाहेरून बघितलं तर आतल्या तिघांचे फक्त पाय दिसतात, मांडीपर्यंत, वरचं अंग भिंतीमागे. कोण आहेत कळत नाही, थांबलेत एवढंच कळतं. आणि आत डोळा नेला (मोबाइल आत सरकवून) तर शहर गायब, खाली एक उजेडाची पट्टी आणि वर आकाशाचा चौकोन. एवढा साधा प्रकार. अडीच महिने मी मिलिमीटर मोजत होते आणि हे आज दिसलं.

यावरून टेबलाच्या उंचीचा वाद. कॉलेजची टेबलं अडीच फुटी. त्यावर ठेवलं तर लोक वरून बघणार, वरून बघितलं की ट्रे दिसतो, फट दिसतच नाही, मग आम्ही केलं काय? मी चार फूट मागितलं. मॅडमचं म्हणणं मग आतला ग्रॅनाइट दिसणार नाही. दिसतो, पण दाराच्या फटीतूनच दिसतो, त्यासाठी उत्तरेला किंवा दक्षिणेला चालत जावं लागतं, आणि डॅलसला जाणाऱ्याला तेच करावं लागतं. व्हीलचेअरवरच्यांचा मुद्दा मात्र बरोबर होता, चार फूट त्यांना फार वर. शेवटी सव्वातीन फूट ठरलं. उभ्या माणसाला थोडं वाकावं लागेल. वाकू देत.

२ ऑगस्ट
पोचवलं. दोन कंस वेगवेगळ्या पेट्यांत, प्रत्येक कॉलमखाली परत तेच ३७ मिमीचे ठोकळे, फटीत फोम. टेम्पो परळच्या पुलाखाली पाऊण तास अडकला, वर ताडपत्री, पाऊस. लिफ्टमध्ये पेटी बसली, माणसं जिन्याने. जागेवर जोडल्यावर उत्तरेच्या डाव्या हाताचं टोक अर्धा मिमी उतरलेलं होतं, चावी सोबत होतीच.

काका पण आले होते, कारखाना सोडून, या दिवसांत. दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं, दाराच्या फटीत बोट घालून ग्रॅनाइटला हात लावला (लावायचा नाही असा बोर्ड अजून यायचा होता) आणि खालच्या चकतीवर नख मारून बघितलं. मग मला म्हणाले, कोपऱ्यातला सांधा दिसतोय, पुढच्या वेळी साचा अजून मागे फिरवू.

प्रदर्शन संपेपर्यंत आठवड्यातून एकदा जाऊन वरचे नट तपासायचे, हवेतल्या ओलीने एमडीएफचा बेस फुगला तर पाय हलतील. बिलाचा दुसरा हप्ता बाकी.